सान बोर्हाची वाट



मेक्सिकोच्या नकाशावर पश्चिमेला बोटासारखे लोंबते जे द्वीपकल्प दिसते, ते बाहा कालिफोर्निया. त्याच्या मध्यभागी, रोसारितो गावापासून सुमारे 35 किलोमीटर आत सान बोर्हाचे चर्च आहे. डांबरी सडक रोसारितोलाच सुटते. पुढे दगडगोटे, कोरडे ओढे आणि मोटारींच्या चाकोऱ्या. पाठीच्या मणक्यांची मोजदाद वाटेतच होऊन जाते. दुतर्फा माडाएवढे निवडुंग आणि ‘सिरिओ’ नावाचे चमत्कारिक झाड. मुळा उलटा रोवावा तसे ते दिसते. सिरिओ म्हणजे चर्चमधील उंच मेणबत्ती. माणूस परमुलखातही आपलेच घर पाहतो तो असा.

मग एकाएकी दगडी इमारत समोर येते. कमानीचे छत, कोरीव दगडी दरवाजा, गायकांच्या सज्ज्याकडे वळत जाणारा दगडी जिना. इतक्या आडरानात हे बांधले कोणासाठी, असे कोणीही विचारील. आम्हीही विचारले. पण मुळात ते आडरान नव्हतेच. येथे झरा होता. कोचिमी लोक या जागेस आदाक म्हणत. 1762 साली वेन्सेस्लाउस लिंक या जेझुइट पाद्र्याने येथे मिशन घातले, ते पाणी आणि माणसे होती म्हणूनच.

ऋतुमानाप्रमाणे फळे व शिकार शोधीत हिंडणारी ही माणसे घंटेच्या ठोक्यावर एका जागी राहू लागली. त्या वस्तीत देवी आणि गोवर शिरले. पाद्र्यांचा हेतू दुष्ट होता असे आम्ही म्हणणार नाही. पण चांगल्या हेतूने साथ थोडीच अडते! 1768 साली जेझुइट हाकलले गेले, फ्रान्सिस्कन आले, 1773 साली डोमिनिकन आले. त्यांनी हे दगडी चर्च 1801 मध्ये पुरे केले, तोवर वस्ती पार रोडावली होती. 1818 साली मिशन बंद पडले. म्हणजे एवढ्या दगडी वैभवाला नांदायला मिळाली अवघी 17 वर्षे! माणसांची खरी गर्दी पाहिली ती शेजारच्या, आता ढासळत चाललेल्या मातीच्या भिंतींनी.

कोचिमींचे वंशज आहेत. त्यांची भाषा बोलणारे मात्र आज कोणी नाही. झऱ्याकाठचे ते जुने नाव तेवढे मिशनच्या लांबलचक नावाच्या शेवटी टिकले आहे : सान फ्रान्सिस्को बोर्हा दे आदाक. झरा अजून वाहतो, आणि त्याच्या पाण्यावर खजुराची झाडे उभी आहेत.