ललिताबाईंचं इंजिनिअरिंग



महिला मंडळाच्या वतीनं चार शब्द बोलायला आम्हाला सांगितलंय. भाषणाची सवय नाही, पण विषय घरातलाच आहे. आमच्या गल्लीतली एक मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल घ्यायचंय. घरचे म्हणतात, "पोरीच्या जातीनं तारांशी खेळायचं का? त्यापेक्षा नर्सिंग कर." यावर आम्ही वाद घालत नाही, एका बाईची हकीकत सांगतो.

ए. ललिता या मद्रासच्या तेलुगू घरातल्या. जन्म १९१९ चा. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी नवरा गेला. पदरात तान्ही मुलगी. त्या काळी विधवेच्या वाट्याला काय यायचं, ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना सांगायला नको. ललिताबाईंनी ठरवलं, शिकायचं. त्या वेळी बायका डॉक्टर होत होत्या, ती वाट मोकळी होती. पण रात्री-बेरात्री लेकराला सोडून जावं लागेल, म्हणून ती त्यांनी धरली नाही. घरात वडील आणि भाऊ इंजिनिअर, तेच शिक्षण त्यांनी मागितलं. मोठं स्वप्न-बिप्न नव्हतं हो, लेकराची काळजी होती!

वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. तिथं तोवर एकही मुलगी नव्हती. त्यांनी प्राचार्यांपाशी शब्द टाकला आणि प्रवेश मिळाला. मुलीला नातलगांकडे ठेवून ललिताबाई होस्टेलला एकट्या राहिल्या. मग लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया या दोघी सिव्हिलला आल्या, तेव्हा कुठं सोबत झाली. पदवीच्या कागदावर 'तो' असंच छापलेलं होतं. ते खोडून हातानं 'ती' लिहावं लागलं.

ललिताबाई पुढं कलकत्त्यात एका कंपनीत वीजवाहिन्यांची आखणी करायच्या. भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामात त्यांचा हात होता. १९६४ साली न्यूयॉर्कला स्त्री इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथं त्या जाऊन आल्या. १९७९ साली वारल्या. थ्रेसियाबाई केरळच्या बांधकाम खात्यात मुख्य अभियंता झाल्या.

आता आपलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, मुलांना शिकवा, लग्नाची घाई करू नका. त्याच महिन्यात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले, आणि देशाच्या विजेचं धोरण त्यांच्या खात्यात आखलं गेलं. तारांशी खेळणं आपल्याला परकं कसं?

राहिला पैशाचा प्रश्न. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. डिप्लोमा-डिग्रीच्या मुलींसाठी प्रगती शिष्यवृत्ती वेगळी, वर्षाला ५० हजारांची. ती ठरावीक मुलींनाच मिळते, म्हणून अर्ज वेळेत हवा. डिप्लोमा तीन वर्षांचा, मग डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. पण अर्ज अडतो दाखल्यापाशी. जातीचा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

मंडळाच्या दोघी जणी मागच्या खोलीत बसणार आहेत, कागद दाखवून घ्या. आणि त्या मुलीच्या वडिलांनी जेवल्याशिवाय जाऊ नये, आम्हाला त्यांच्याशी बोलायचंय.