अब्बांचे हात का थरथरत होते?



याच एपीएमसीच्या फळबाजारात अब्बांचा गाळा आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांनी त्यांचे हात थरथरू लागले. शेतकऱ्याची पट्टी लिहिताना आकडे वाकडे पडत. कुणी म्हणालं वय, कुणी म्हणालं नजर लागली. मी इंजिनिअर, तरी दोन आठवडे गप्प बसलो. शेवटी अब्बाच म्हणाले, "गोळी सोडतो."

ती गोळी टॅक्रोलिमसची. शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून ती प्रतिकारशक्ती दाबते. पण रक्तातलं तिचं प्रमाण वाढलं की मज्जासंस्थेला त्रास होतो: कंप, डोकेदुखी, निद्रानाश, क्वचित भ्रम, फिटसुद्धा.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाता?" अब्बा रोज पपनस खात होते. हे औषध मोडणाऱ्या आतड्यातल्या एन्झाइमला पपनस अडवतं, म्हणून औषध रक्तात साचतं. सकाळच्या डोसआधी रक्त तपासलं. पातळी जास्तच निघाली. पपनस बंद झालं, डॉक्टरांनी डोस बदलला, हात हळूहळू स्थिरावले.

गोळी मनानं सोडली असती तर मूत्रपिंडच गेलं असतं. ती सहसा दर बारा तासांनी घ्यायची असते. म्हणून रोजा धरण्याआधीही डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला दीनमध्ये सवलत आहेच.

घरात कुणाचे हात थरथरताना दिसले, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.