‘कनिष्क’चे स्मरण



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी आम्ही असा विषय का घ्यावा, असे आपणांस वाटेल. पण घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचे निम्मे आयुष्य आप्तांच्या येण्याजाण्याची वाट पाहण्यात जाते. २३ जून १९८५ रोजी अशीच वाट कित्येक घरे पाहत होती. मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईस येणारे एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर स्फोटाने भंगले आणि ३२९ जीव गेले. बहुतेक कॅनडाचे नागरिक. पण त्यांतील अनेकांची मुळे आपल्याच मातीतली. त्याच्या तासाभर आधी जपानमधील नारिता विमानतळावर दुसऱ्या एका बॅगेतील स्फोटाने सामान वाहणाऱ्या दोघांचा बळी घेतला होता.

बॅग विमानात चढली. तिचा धनी चढलाच नाही. धनी नसलेले सामान विमानातून न्यायचे नाही, हा साधा नियम या घटनेनंतर आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झाला. तरीही १९८८ मध्ये लॉकरबीवर कोसळलेल्या विमानात बॉम्ब चढला तो अशाच बेवारशी बॅगेतून, असा न्यायालयाचा निष्कर्ष आहे. तेथे २७० माणसे गेली. नियम कागदावर येणे निराळे आणि प्रत्येक विमानतळावर पाळला जाणे निराळे, हे सरकारी नोकरीत केस पिकलेल्या आम्हांस कोणी शिकवावयास नको.

भारताने १९९६ साली संयुक्त राष्ट्रांपुढे दहशतवादाविरुद्धच्या सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. दहशतवाद कशास म्हणावे, या व्याख्येपाशी तो अद्याप अडला आहे. व्याख्येपायी धूळ खात पडलेल्या फायली आम्ही पुष्कळ पाहिल्या. या फायलीखाली मात्र माणसे आहेत. २१ ऑगस्ट हा दिवस संयुक्त राष्ट्रांनी २०१७ साली अशा बळींच्या स्मरणार्थ मुक्रर केला, हे योग्यच झाले. कॅनडात तर हा घाला कित्येक वर्षे परक्यांवरचाच समजला गेला. चौकशी आयोगाचा अहवाल आणि पंतप्रधानांची क्षमायाचना यांना २०१० साल उजाडावे लागले.

कौतुक वाटते ते आयर्लंडमधील अहाकिस्ता या चिमुकल्या गावाचे. त्या लोकांचे आपल्याशी नाते ते काय? पण १९८६ मध्ये तेथे समुद्राकाठी सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले, आणि २३ जूनला गावकरी मृतांच्या आप्तांसमवेत तेथे जमत आले आहेत.

आपल्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत ही तारीख घालावी, एवढी विनंती कार्यकारिणीस करून आम्ही आपली रजा घेतो.