मुलांच्या सवडीची कला

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त वडोदरा येथे भरलेल्या पालकसभेतील भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने संस्थेने एखादे नवे कार्य हाती घ्यावे असे ठरले, आणि त्यांत शाळेतील मुलांसाठी ऑनलाइन कला-प्रकल्प हा विषय निघाला. त्याविषयी आम्ही चार शब्द बोलावे अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. आम्ही चित्रकार नव्हे, आणि गवई तर मुळीच नव्हे. पदवी घेऊन बी.एड. झालेले साधे शाळामास्तर, एवढीच आमची ओळख. परंतु गेली काही वर्षे हा उद्योग आम्ही आपल्याच मुलांबरोबर करीत आलो आहो. त्यांत आमच्या हातून एक चूक अशी झाली आहे की ती सांगितल्यावाचून पुढचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. गणित, विज्ञान, भाषा हे विषय जसे जमले तसे मोबाईलवर आले. चित्रकला मात्र कोणाच्या खिजगणतीत नव्हती. तेव्हा पावसाळ्यात आम्ही बावीस मुलांचा एक गट जमवला. शनिवारी सायंकाळी सहा वाजता सर्वांनी पडद्यासमोर बसावे, आम्ही विषय द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत चित्राचा फोटो पाठवावा, असा नियम केला. शिस्त हवी, ही मास्तराची जुनी खोड! त्या गटात सातवीतली एक मुलगी होती. पहिल्या आठवड्यात ती आली, दुसऱ्या आठवड्यात उशिरा आली, तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात आलीच नाही. आम्ही वहीत तिच्या नावापुढे ‘अनियमित’ असे लिहिले आणि पाचव्या आठवड्यात नाव कमी केले.

दिवाळीच्या सुमारास तिची आई रस्त्यात भेटली. म्हणाली, “सर, मोबाईल घरात एकच. तो ह्यांच्याबरोबर संध्याकाळी रिक्षावर जातो, तो सकाळीच परत येतो. पोरीनं चित्रं काढली होती हो सगळी.” आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलीने पत्र्याच्या ट्रंकेतून सहा कागद काढले. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, पेन्सिल आणि चहाचे पाणी एवढ्यावर काढलेली ती चित्रे होती. चाळीच्या जिन्याखाली ठेवलेल्या सायकली, आणि त्यांच्या चाकांतून दिसणारे मांजर. बावीसांपैकी एकाच्याही हातून तसे काम उतरले नव्हते. आम्ही तिला पुन्हा गटात येण्याविषयी पुष्कळ सांगितले. ती हसून “बघते” म्हणाली. ती आली नाही. पुढे ते कुटुंब दुसरीकडे राहावयास गेले.

आता कोणी म्हणेल की मोबाईल एकच होता हा दोष परिस्थितीचा. होय, पण सहा वाजण्याचा हट्ट परिस्थितीचा नव्हता, तो आमचा होता.

त्यानंतर आम्ही घड्याळ काढून टाकले. आमचा आजचा प्रकल्प सहा आठवड्यांचा असतो. सोमवारी सकाळी तीन-चार मिनिटांचा आवाजी निरोप आणि एक-दोन लहान छायाचित्रे एवढेच पाठवितो. ते पाहाण्यास फारसा डेटा लागत नाही, आणि मोबाईल घरी येईल तेव्हा ते पाहता येते. काम कागदावर, मातीत, चिंध्यांत होते. ते दाखविण्याला पंधरा दिवसांची मुदत. फोटो पाठविता आला तर उत्तम, नाही तर कागद संस्थेच्या कचेरीत आणून द्यावा. एकाच विषयाची तीन कामे देतो: एक संध्याकाळभराचे, एक आठवड्याचे, एक महिनाभर पुरणारे. ज्याची परीक्षा जवळ आली आहे त्याने लहान घ्यावे. गुण नाहीत, क्रमांक नाहीत. प्रत्येक मुलाला आम्ही आवाजातच उत्तर देतो, आणि त्यांत आम्हांस चित्रात काय दिसले ते सांगून शेवटी एक प्रश्न विचारतो.

“कला कुठे मोबाईलवरून शिकता येते काय?” असे आम्हांस पुष्कळांनी विचारले. हा प्रश्न आपल्या वडोदऱ्याला नवा नाही. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा काढली. गाणे म्हणजे गुरूच्या पायाशी वर्षानुवर्षे बसून मिळवावयाची विद्या, असा तो काळ. उस्तादांनी गाणे कागदावर उतरविण्याची आपली स्वतंत्र लिपी तयार केली आणि वर्गात बसवून मुलांना शिकविले. कागदाने गुरूची जागा घेतली नाही, परंतु उस्तादांच्या दारापर्यंत ज्याला कधीच जाता आले नसते त्याला निदान सूर कुठे लावायचा ते कळले. तसेच ग्रंथालयांचे. 1910 साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल महाराजांनी येथे आणले, आणि पुढे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून गावोगाव धाडण्याची व्यवस्था झाली. वाचणाऱ्याने शहरात यावे असा हट्ट न धरता पेटीच त्याच्याकडे गेली. आमच्या मते मोबाईल ही तशीच एक पेटी आहे. मात्र पेटी उघडून तिच्याकडेच पाहात बसावयाचे नसते.

म्हणून आमच्या प्रकल्पांत पडदा थोडा आणि हात फार. उदाहरणार्थ, ‘दारे’ हा विषय घ्या. पहिल्या आठवड्यात मुलांनी आपल्या गल्लीतील तीन दारे उभे राहून पाहावीत आणि घरी येऊन आठवणीने काढावीत. मग पुन्हा जाऊन काय चुकले ते पाहावे. कडी कोणत्या बाजूला आहे हे दहांतल्या आठांना आठवत नाही, आणि त्या चुकीतच त्यांची दृष्टी उघडते. तिसऱ्या आठवड्यात रावपुऱ्यातील तांबेकर वाड्याची गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकातील दिवाणांचा हा चार मजली लाकडी वाडा. भिंतींवर महाभारत आणि कृष्णलीला, आणि त्यांच्याच शेजारी मराठे-इंग्रजांची लढाई व साहेब लोकांची चित्रे! इतकी वर्षे ह्या शहरात राहून आपल्यापैकी किती घरांनी तो आतून पाहिला आहे, हे आम्ही हात वर करावयास सांगून विचारीत नाही. प्रकल्पाच्या अखेरीस मुलांना तेथे घेऊन गेलो तेव्हा एका मुलाने भिंत सोडून प्रथम दाराची कडी पाहिली.

कीर्तिमंदिराचेही तसेच. नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 ह्या काळात तेथील चार भिंती रंगविल्या. गंगावतरण आहे, मीराबाईचे चरित्र आहे, नटीर पूजा आहे, महाभारतातील युद्ध आहे. पडद्यावर ती भिंत तळहाताएवढी दिसते. मुलांना आम्ही सांगतो की घरातील सर्वांत मोठी भिंत पावलांनी मोजा आणि हे चित्र तेवढे असते तर माणसाचे डोके कोठे आले असते ते खडूने दाखवा. (खडू पुसण्याचे काम आईकडे जाते, त्याबद्दल येथे बसलेल्या भगिनींची क्षमा मागतो.)

दुसरा विषय जाळीचा. काही घरांत सजीवांची चित्रे काढणे रुचत नाही. आमच्या समाजात तशी घरे आहेत, आणि त्या मुलांनी कोपऱ्यात बसावे हे आम्हांस बरे वाटेना. म्हणून जाळी आणली, आणि गंमत अशी की ती सर्वांनाच आवडली. कंपासने वर्तुळ काढावे, कंपासचे माप न बदलता परिघावर खुणा करीत जावे. बरोबर सहा खुणा होतात आणि सातवी पहिलीवर येऊन पडते. तेथून षट्कोन, षट्कोनातून तारा, ताऱ्यांतून जाळी. प्रतापनगरजवळच्या हजिऱ्यात, कुतुबुद्दीन मुहम्मद खानाच्या कबरीशी, किंवा चांपानेरच्या जामा मशिदीत जाऊन जाळी पाहावी, म्हणजे दगड कोरणाऱ्याने हाच खेळ केला होता हे ध्यानात येते. एका मुलीने तीच जाळी रांगोळीत घातली, दिवाळीला, आपल्या दारात.

तिसरा प्रयोग हलत्या चित्राचा. कणकेची चिमणी करावी, तिला किंचित हलवावे, फोटो घ्यावा, पुन्हा हलवावे. एका सेकंदाला बारा फोटो लागतात. दहा सेकंदांच्या उड्डाणाला एकशेवीस. सहावीतील एका मुलाची चिमणी नव्वदाव्या फोटोला वाळून तडकली. तो रडला नाही, त्याने ती तडकलेलीच उडविली. वर्गात हा मुलगा दहा मिनिटे स्वस्थ बसत नाही अशी त्याची ख्याती होती.

आता अडचणीही सांगावयास हव्यात. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत हळदीचा रंग ओळखू येत नाही, म्हणून फोटो सकाळी खिडकीपाशी काढण्यास सांगतो. ही लहान अडचण. मोठी अडचण नकलेची. पूर्वी मुले इंटरनेटवरील चित्र उतरवीत. आता यंत्राला दोन ओळी लिहून दिल्या की ते झकास चित्र करून देते, आणि ते आमच्याकडे येते. आम्ही रागावून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. मग असे ठरविले की पूर्ण चित्र पाठविले नाही तरी चालेल, पण अर्धवट अवस्थेतील तीन फोटो हवेत, खोडाखोडीसकट. मुलांना प्रथम हे विचित्र वाटले. खोडलेल्या रेघेविषयी कोणी कौतुकाने विचारतो हे कळल्यावर मात्र नकला बऱ्याच कमी झाल्या. अगदी थांबल्या असे म्हणणार नाही.

पालकांचा प्रश्न असतो, “ह्याचा मार्कांना उपयोग काय?” 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात इतर विषय कलेच्या आधाराने शिकविण्यावर भर दिला आहे, तेव्हा कागदोपत्री उत्तर देता येते. पण ते उत्तर देऊन पालकांचे समाधान करावे असे आम्हांस वाटत नाही. महाराष्ट्रातील आपल्या नातेवाइकांची मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांस बसतात. ते चांगलेच आहे. आमचे काम त्या जातीचे नाही, एवढेच स्पष्ट सांगतो.

आता पैशाचा विषय. काही सदस्यांची सूचना आहे की जमलेल्या निधीतून मुलांसाठी टॅब्लेट घ्यावेत आणि त्यांवर देणगीदारांची नावे घालावीत. सूचना सद्भावनेची आहे. तरीही आमचा तिला विरोध आहे, आणि तो ह्या सभेत नोंदवावा अशी विनंती आहे. टॅब्लेट काही वर्षांत जुने होतील, आणि त्यांची उत्तरे देणारा माणूस नसेल तर ते त्याआधीच कपाटात जातील. त्याऐवजी दोन गोष्टींवर खर्च व्हावा. पहिली, साहित्याची पेटी: जाड कागद, दोन पेन्सिली, कंपास, तीन रंग, कात्री, डिंक. ज्या घरी मोबाईल रात्री बाहेर असतो त्या घरीही ती पेटी राहील. दुसरी, उत्तर देणाऱ्यांचे मानधन. वीस मुलांची कामे नीट पाहून बोलावयास आम्हांस आठवड्याला दोन संध्याकाळी लागतात. शंभर मुले झाली तर एकट्याचे काम नाही. येथील ललित कला विद्याशाखेतील विद्यार्थ्यांना विचारता येईल, आणि आपल्यातील निवृत्त शिक्षिका तर आहेतच.

आणखी एक. सोमवारचा निरोप छापूनही कचेरीच्या फळ्यावर लावावा, म्हणजे ज्याच्या घरी मोबाईल नाही त्यालाही तो वाचता येईल.

नमुन्याच्या चार पेट्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. शेजारी एक वही आहे. तीत आपल्या घरातील मुलाचे नाव आणि मोबाईल घरी कोणत्या वेळेस असतो हे लिहावे. वेळ लिहिता येत नसेल तर रकाना कोरा ठेवावा, आम्ही स्वतः येऊन विचारू.