सहीची पारख



डिजिटल सहीची पारख हा विषय संगणकतज्ज्ञांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु ज्याने डिजिटल सहीचा सातबारा उतरवून घेतला, किंवा बँकेचा व्यवहार संगणकावरून केला, त्याने या सहीवर अगोदरच विश्वास टाकलेला आहे. तेव्हा तिची ओळख करून घेणे बरे.

जुन्या मराठी पत्रांच्या शेवटी मोर्तबाचा लहान शिक्का उठवीत. मजकूर संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा त्याचा अर्थ. डिजिटल सही याच्याही पुढे जाते. मजकुराच्या पोटात एक स्वल्पविराम बदलला तरी ती चुगली करते. प्रथम दस्तऐवजाचे ठराविक लांबीचे सार काढावयाचे. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत ते २५६ बिटांचे असते. मग सही करणाराने आपल्या खासगी किल्लीने त्या सारावर गणिती क्रिया करावयाची. तिचे फळ म्हणजे सही. तपासणाराजवळ जाहीर किल्ली असते. तिने सही पारखता येते, करता मात्र येत नाही. ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली, आणि आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा सहीला कायद्याची मान्यता दिली.

गणित पक्के आहे. मग घात कोठे होतो? प्रोग्राम लिहिणारा हे गणित स्वतः करीत नाही. त्यासाठी तज्ज्ञांनी रचलेल्या लायब्ररी असतात. तिच्या हाती दस्तऐवज, सही आणि जाहीर किल्ली द्यावयाची, आणि उत्तर घ्यावयाचे. त्या उत्तराचे तो काय करतो, यावर सारे अवलंबून आहे.

ओपनएसएसएल ही अशीच एक विख्यात लायब्ररी. तिच्या सही तपासणाऱ्या फंक्शनची उत्तरे तीन: सही खरी असेल तर १, खोटी असेल तर ०, आणि तपासणीच पार पडली नाही तर उणे १. आता सी भाषेत शून्य म्हणजे असत्य, आणि शून्याखेरीज कोणतीही संख्या म्हणजे सत्य! ज्याने 'उत्तर शून्य नाही ना?' एवढेच विचारले, त्याच्या लेखी उणे १ म्हणजेही होकारच झाला. वेडीवाकडी सही द्यावी, तपासणी कोलमडावी, आणि दार उघडावे, असा हा प्रकार. जानेवारी २००९ मध्ये तो जाहीर झाला, तेव्हा ही चूक खुद्द ओपनएसएसएलच्या आतच सापडली. शिवाय संगणकांची घड्याळे जुळविणाऱ्या एनटीपीमध्येही. जाणत्यांच्या घरी ही गत!

पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या प्रोग्राममध्ये एक ओळ चुकून दोनदा पडल्याचे उघडकीस आले. त्या जादा ओळीमुळे प्रोग्राम तपासणी ओलांडून थेट शेवटी जाई आणि 'सर्व ठीक' असे सांगे. एप्रिल २०२२ मध्ये जावाच्या १५ ते १८ या आवृत्त्यांतील दोष दुरुस्त झाला. तेथे एका प्रकारच्या सहीत दोन संख्या असतात. त्या शून्य नसाव्यात असा नियमच आहे. तो पाहावयाचा राहिला, आणि दोन्ही शून्ये असलेली सही कोणत्याही दस्तऐवजावर खरी ठरू लागली. कोऱ्या कागदाला पारख्याने मान डोलवावी, तसे हे झाले.

यावर उपाय काय? पायथन भाषेतील 'क्रिप्टोग्राफी' नावाच्या लायब्ररीने एक वाट दाखविली आहे. तिचे फंक्शन हो-नाही सांगतच नाही. सही खोटी निघाली की अपवाद उभा करून प्रोग्राम जागीच थांबविते. अर्थात तो अपवाद झेलून गिळून टाकणारा महाभाग भेटला, तर तिचाही इलाज नाही. म्हणून शहाणा प्रोग्रामर स्पष्ट होकार मिळेपर्यंत सही खोटीच धरतो, जाहीर किल्ली खरोखर कोणाची हे आधी ठरवितो, आणि मुद्दाम बिघडविलेल्या सह्या देऊन आपलीच परीक्षा घेतो. खऱ्या सहीला हो म्हणणे सोपे. पारख्याची कसोटी खोट्यापाशी लागते.

हाच नियम आपणा सर्वांना लागू आहे. डिजिटल सहीची पीडीएफ उघडली की पुष्कळदा सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. ते म्हणजे तेच तिसरे उत्तर होय: सही खोटी असे नव्हे, पण पारख अजून झालेली नाही. बहुधा सही करणाराच्या प्रमाणपत्राचे मूळ त्या संगणकाला ओळखीचे नसते. ते अधिकृत ठिकाणाहून आणून पारख पुरी करावी. घाईने 'विश्वास आहे' असे बटण दाबू नये. आणि छापलेल्या प्रतीवर सहीचे नुसते चित्र उरते; गणित मूळ फाइलीतच राहते.

'सही आहे' आणि 'सही तपासली आहे' ही दोन वाक्ये निराळी आहेत. 'सांगता येत नाही' याला 'होय' समजू नये, एवढी एकच गोष्ट आपण येथून घेऊन गेलात तरी माझे काम झाले.