माणसांच्या फोटोसाठी लेन्स कोणती घेऊ?
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



भाषणाची सवय मला शाळेत नव्हती, आजही नाही. वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी माझं पोट हमखास दुखायचं, हे बाईंना आठवत असेल. पण आपल्या ग्रुपवर गेले काही महिने एकच प्रश्न फिरतोय. आपल्यातले चार-पाच जण निवृत्त झाले, त्यांनी मिररलेस कॅमेरा घेतला आणि आता मला विचारतायत, "अरे, माणसांचे फोटो काढायला लेन्स कोणती घेऊ?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा आज सगळ्यांना एकदाच सांगतो.

आधी माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आपल्या चित्रकलेच्या सरांना भेटायला गेलो होतो. खोली लहान, सर पलंगावर बसलेले, माझ्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स. चेहरा मोठा यावा म्हणून मी पुढे सरकत सरकत त्यांच्यापासून दीड फुटावर गेलो. फोटो स्वच्छ आला, प्रकाशही छान होता. पण नाक मोठं, कपाळ फुगलेलं, कान कुठेतरी मागे गेलेले. ते आपले सर वाटतच नव्हते. "पुढच्या वेळी नीट काढू," म्हणालो आणि पुन्हा जाणं झालंच नाही. सर गेले तेव्हा घरच्यांनी माझ्याकडे फोटो मागितला. दुसरा नव्हता. आज त्यांच्या भिंतीवर हार घातलेला आहे तो तोच. त्या घरी गेलो की माझी मान वर होत नाही.

चूक लेन्सची नव्हती, अंतराची होती. चेहऱ्याची ठेवण कशी दिसेल हे आपण किती लांब उभे आहोत त्यावर ठरतं. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर धरा. अर्ध्या मीटरवरून बघितलं तर नाक कानाच्या मानाने जवळजवळ पावपट मोठं दिसतं. दोन मीटरवरून हाच फरक सहा टक्क्यांवर येतो. समोरासमोर खुर्च्या टाकून आपण गप्पा मारतो, ते अंतर दीड-दोन मीटरचंच असतं. माणूस ओळखीचा वाटतो तो तिथून.

म्हणून आधी अंतर ठरवा, मग लेन्स. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंतचा फोटो काढायचा असेल, तर ३५च्या लेन्सने साधारण ७० सेंटीमीटरवर जावं लागतं, ५०ने एक मीटरवर, ८५ने पावणेदोन मीटरवर आणि १३५ने पावणेतीन मीटरवर. ८५ला पोर्ट्रेटची लेन्स म्हणतात ते यासाठी. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी असेल, तर हेच काम ५५-५६ मिलिमीटरची लेन्स करते. मायक्रो फोर थर्ड्‌सला ४२ ते ४५ पुरते.

दुकानात जाण्याआधी टेप घेऊन घरातली खोली मोजा. पाठ भिंतीला टेकत असेल, तर १३५ कपाटातच पडून राहील. आणि ५०च असेल तर चेहऱ्यात घुसू नका. दोन मीटरवरच थांबा आणि कमरेपर्यंतचा फोटो घ्या. माणसाचे हातही बोलतात.

दुसरा प्रश्न असतो, एफ १.४ घेऊ की १.८? माझं मत, १.८ घ्या. ती स्वस्त असते, हलकी असते. ८५च्या लेन्सने दीड मीटरवरून एफ १.४ला फोटो काढला, तर जेमतेम अडीच सेंटीमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. मान जरा वळली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर. मी बहुतेक वेळा २.८वर काढतो. मिररलेसची खरी सोय म्हणजे कॅमेरा स्वतः डोळा शोधून त्यावर फोकस करतो. तो पर्याय मेनूत जाऊन चालू करा. आपल्या वयात आपल्या डोळ्यांपेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवलेला बरा!

कुणाच्या घरी वडिलांचा जुना फिल्म कॅमेरा असेल, तर त्याची लेन्स टाकू नका. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे लेन्स आणि सेन्सर यांतलं अंतर कमी असतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये ते ४६.५ मिलिमीटर होतं, नव्या झेडमध्ये १६ आहे. त्या मधल्या जागेत अडॅप्टर बसतो आणि जुनी लेन्स चालते. फोकस मात्र बहुधा हातानेच करावा लागतो.

आणि लेन्स घ्यायचीच नसेल तर? एपीएस-सी कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ची लेन्स ५५वर फिरवा. अंतर तेच मिळेल. मागचं तेवढं धूसर होणार नाही, एवढाच फरक. माणसाला खिडकीजवळ बसवा, खोलीतला दिवा बंद करा, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढा. लेन्स पुढच्या दिवाळीला घेतली तरी चालेल. फोटो मात्र या आठवड्यात काढा. आई-वडील असतील तर त्यांचा, नाहीतर एकमेकांचा.

मी आज ८५ची लेन्स घेऊन आलोय. आठवीच्या वर्गात खिडकीशी एक खुर्ची ठेवली आहे. जेवण झाल्यावर आधी सर आणि बाई, मग आपण सगळे, एकेकाने येऊन बसायचं. मी दोन मीटरवर उभा असेन. पहिल्या बाकावरून सर साधारण तेवढ्याच अंतरावर दिसायचे, असं पहिल्या बाकावरचे सांगतात. मी शेवटच्या बाकावरचा. तिथून २००ची लेन्स लागली असती!