सनावळीच्या पलीकडचा उतारा



मराठीच्या प्रश्नपत्रिकेत उतारा दिसला की बहुतेक मुलांना हायसं वाटतं. उत्तरं समोरच असतात, शोधायची आणि उतरवायची. कोण, कुठे, कधी हे सगळं बोट ठेवून सापडतं. गाडी अडते ती शेवटच्या प्रश्नाशी: ‘उताऱ्याला समर्पक शीर्षक द्या’ किंवा ‘उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना एका वाक्यात लिहा.’ शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना हा प्रश्न चार पर्यायांसकट भेटतो. उतारा इतिहासाचा असेल तर घोटाळा आणखी वाढतो. सन आणि नावं पाठ करण्याची सवय लागलेल्या मुलाला वाटतं, जे पाठ केलं तेच मुख्य.

बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या मुलांसाठी असा उतारा लांबून आणायला नको. हा ऐका:

‘१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. बीड जिल्हा त्या दिवशी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा चालू ठेवला. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत माजवली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.’

सहाच वाक्यं. आता मुलांना विचारा, हा उतारा कशाबद्दल आहे?

एक जण म्हणेल, ‘देशाचं स्वातंत्र्य’, कारण ते पहिल्याच वाक्यात आहे. दुसरा म्हणेल, ‘निजामाची शरणागती’, कारण गोष्ट तिथे संपते. तिसरीला स्वामी रामानंद तीर्थ ठाऊक असतात, म्हणून ती त्यांचं नाव लिहील. यातलं खोटं काहीच नाही. पण पहिलं उत्तर उताऱ्यापेक्षा मोठं आहे आणि उरलेली दोन एकेका वाक्यापुरती आहेत. सहाही वाक्यं ज्याच्यासाठी लिहिली गेली, ती गोष्ट वेगळी आहे. देश स्वतंत्र झाल्यावरही या भागाला तेरा महिने थांबावं लागलं आणि त्यासाठी वेगळा लढा द्यावा लागला. हे वाक्य उताऱ्यात कुठेही छापलेलं नाही. ते वाचणाऱ्याने तयार करायचं असतं, आणि मुलं बिचकतात ती इथेच.

याला एक साधा उपाय आहे आणि तो कुठल्याही वर्गात चालतो. पट्टी घ्यावी, एकेक वाक्य झाकावं आणि उरलेलं मोठ्याने वाचावं. रझाकारांचं वाक्य झाकलं तर चित्र फिकं पडतं, तरी मुद्दा उभा राहतो. पहिलं वाक्य झाकलं तर उशीरच दिसेनासा होतो. उरते ती फक्त एका संस्थानाच्या शेवटाची हकिकत. म्हणजे पहिलं वाक्य हे उताऱ्याचं सार नव्हे, पण त्याच्याशी तुलना केल्याशिवाय सार हाती लागत नाही. हे एवढं मुलाने स्वतःच्या हाताने करून पाहिलं, की पुढच्या उताऱ्यात त्याची नजर आपसूक तिथे जाते.

मराठवाड्यात या धड्याला आणखी एक पदर आहे. इथल्या घरांतून तो काळ पुस्तकाच्या आधीच पोचलेला असतो. जुनी माणसं ‘रझाकारीत’ असं म्हणून एखाद्या घटनेचा काळ सांगत, ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षी’, म्हणजे भारतीय फौजा आल्या त्या वर्षापासून, वय मोजत. शेजारचा नगर जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात होता. तिथे स्वातंत्र्य आलेलं होतं, आणि रझाकारांपासून बायकापोरांना जपण्यासाठी सरहद्द ओलांडून जाणारी कुटुंबं होती. ज्या मुलाने हे आजीकडून ऐकलंय, तो वरच्या उताऱ्याला ‘रझाकारांचे अत्याचार’ असं शीर्षक देईल. त्याला चूक म्हणून रेघ मारणं हा अन्याय होईल. त्याच्याकडचा इतिहास खरा आहे, उताऱ्यापेक्षा जिवंत आहे. शिक्षकांनी त्याची गोष्ट आधी वर्गाला ऐकवावी. मग विचारावं: आजीने काय सांगितलं, आणि या सहा वाक्यांनी काय सांगितलं? दोन्ही वेगवेगळं लिहून घ्यावं. उताऱ्यात रझाकारांवर आणखी तीन-चार वाक्यं असती, तर त्याचंच शीर्षक बरोबर ठरलं असतं, हेही त्याला कळायला हवं.

आता तारखांचा मोह. पुढचा इतिहास तीन ओळींत सांगता येतो. १९४८ पासून १९५६ पर्यंत मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं. याला शीर्षक मागितलं की मुलं झटकन ‘महाराष्ट्राची स्थापना’ लिहून मोकळी होतात. इतिहास काळाच्या क्रमाने लिहिला जातो, म्हणून शेवटची तारीख मुक्कामाचं ठिकाण वाटते. पण या तिन्ही ओळी मराठवाड्याबद्दल आहेत. गावं जागची हलली नाहीत आणि राज्य मात्र दोनदा बदललं, ही त्यातली मुख्य गोष्ट.

वडवणी तालुक्यात मुख्य मुद्दा ओळखण्याच्या या कौशल्याची गरज परीक्षेपुरती नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात. परत येतात तेव्हा इतिहासाचे निम्मे धडे होऊन गेलेले असतात. अशा मुलाला राहिलेल्या प्रत्येक धड्याची प्रश्नोत्तरं उतरवायला बसवलं तर ते कंटाळून पुस्तक मिटतं. त्याऐवजी एका परिच्छेदाला एक वाक्य, आणि तेही स्वतःच्या शब्दांत, एवढंच मागावं. धडा दहा परिच्छेदांचा असेल तर दहा वाक्यं होतील. ती सलग वाचून दाखवायला सांगावी, आणि जिथे धागा तुटेल तेवढाच परिच्छेद शिक्षकांनी त्याच्याशेजारी बसून पुन्हा वाचावा.